शिक्षक-संपादक ते पदवीधर वार्ताहर

मराठी पत्रकारिता आणि अध्यापन यांचे नाते जुने आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर पुढे एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक झाले. पुण्यात 'केसरी' निघाला तो १८८१ मध्ये, न्यू इंग्लिश स्कूलच्या मंडळींच्या पुढाकाराने. वर्गात मुलांना शिकवावे आणि पत्रातून समाजाला, अशी ती धारणा होती.

बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी ही परंपरा वेगळ्या रूपात टिकली. माझ्या लहानपणी इथला वार्ताहर म्हणजे एखादे गुरुजी, वकील नाहीतर दुकानदार. पोटाचा धंदा दुसरा, बातमीदारी ही हौस. हाताने लिहिलेला मजकूर पाकिटात घालून सोलापूरच्या एसटीने धाडायचा. तिकडे खिळे जुळवून तो छापला जाई. चार ओळी चुकल्या, तर दुसऱ्या दिवशी अडत बाजारात किंवा भगवंताच्या देवळापाशी माणसे तोंडावर जाब विचारत. तेच त्याचे विद्यापीठ होते.

खरे विद्यापीठीय शिक्षणही हळूहळू आले. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ च्या सुमारास पत्रकारितेचे वर्ग सुरू झाले. पुणे विद्यापीठाचा विभाग १९६४ चा. बार्शीचे विद्यार्थी आधी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे पाहत. २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झाले. मामासाहेब जगदाळे यांनी १९३४ मध्ये बार्शीत शिक्षणसंस्था उभी केली, म्हणून खेड्यातली मुले महाविद्यालयापर्यंत पोचली. त्यांतलीच काही आता या व्यवसायात येऊ पाहतात.

पण इथेच खरी अडचण आहे. फॅक्स आला, संगणक आला, मोबाइल आला. बातमी क्षणात पोचू लागली, तालुक्याला स्वतंत्र पाने मिळाली. त्याबरोबर ती पाने भरण्याची आणि त्यांवर जाहिराती आणण्याची जबाबदारीही अनेक ठिकाणी वार्ताहरावरच पडली. ज्याच्याकडे जाहिरात मागायची, त्याच्याविरुद्ध बातमी कशी द्यायची? श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ मध्ये कायदा झाला, पण पत्रकारिता हाच मुख्य व्यवसाय असलेल्यांसाठी. दुकान सांभाळून बातमी देणारा त्याच्या बाहेरच राहिला.

म्हणून मला वाटते, पत्रकारितेच्या वर्गात कॅमेरा आणि संगणक यांच्याबरोबर नगरपालिकेचा अर्थसंकल्प, सातबारा आणि बाजार समितीचे दरपत्रक वाचायलाही शिकवावे. विद्यार्थ्याला महिनाभर तालुक्याच्या गावी बसवावे. आणि शिकून आलेल्या मुलाला बातमीचा मोबदला मिळावा, जाहिरातीचा नव्हे. हौसेवर चाललेला काळ संपला आहे. गुरुजींना शाळेचा पगार होता, म्हणून ते कोणाचे मिंधे नव्हते. आजच्या पदवीधराला तेवढा आधार दिला नाही, तर त्याचे शिक्षण कागदावरच राहील आणि तालुक्याची खरी बातमी छापायची राहून जाईल.