सावकारीच्या परवान्याची कुळकथा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या जयसिंगपुरात सोने गहाण टाकायला परवानाधारक पेढीवर गेलात, तर गल्ल्यामागच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरीशेजारी, काचेच्या चौकटीत एक कागद लावलेला दिसतो. परवानाधारकाचे नाव, कार्यक्षेत्र, मुदत आणि खाली सहकार खात्याचा गोल शिक्का. गिऱ्हाइकाचे तिकडे लक्ष नसते, ते तराजूच्या काट्याकडे बघत असते. हा कागद म्हणजे सावकारीचा परवाना. त्याचे कूळ शोधायला निघालो की जयसिंगपूर मागे पडते आणि वाट जाते पुणे जिल्ह्यातल्या भीमथडीच्या बाजारात.

सावकाराला लगाम घालण्याची कल्पना इंग्रजांनी आणलेली नाही. कौटिल्याने शंभर पणांवर महिन्याला सव्वा पण व्याज धर्म्य मानले आहे, म्हणजे सालीना पंधरा टक्के. जंगलवाटेने माल नेणाऱ्याला महिन्याला दहा, समुद्रावर जाणाऱ्याला महिन्याला वीस. जोखीम जास्त तिथे दर जास्त, हा हिशेब तेव्हाही होता. त्याहून कणखर नियम दामदुपटीचा. व्याज साठत साठत मुदलाइतके झाले की तिथेच थांबायचे, त्यापुढे एक पै मागायची नाही. पेशवाईतल्या पंचायतींना हा नियम ठाऊक होता आणि पुढे मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनीही तो मानला. मात्र या साऱ्यात परवाना कुठेच नव्हता. सावकार कोण, हे गावाला माहीत असे. त्याने हात आवरला नाही तर पंच बोलावता येत.

हे गणित बिघडले ते इंग्रजांच्या रयतवारीने. जमीन कुणब्याच्या नावावर चढली, सारा रोख भरायचा झाला आणि नावावरची जमीन विकता व गहाण टाकता येऊ लागली. सावकाराला पूर्वी पिकावर नजर ठेवावी लागे, आता खुद्द जमिनीवर ठेवता येऊ लागली. त्यात १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी मागेल त्याला पैसा दिला. युद्ध संपले, भाव कोसळले आणि नेमक्या त्याच सुमारास सरकारने साऱ्याची फेरआकारणी केली. कर्जे होती तिथेच राहिली.

एका कायद्याची गंमत इथेच सांगायला हवी. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू हा की जुनाट कर्जे कुळाच्या, म्हणजे कर्जदाराच्या, मानगुटीवर बसू नयेत. सावकाराने काय केले? दर तीन वर्षांनी कुळाला बोलावून नवा रोखा लिहून घेतला आणि साठलेले व्याज त्यात मुद्दल म्हणून चढवले. कुळाने अंगठा उठवला. दामदुपटीचा आधारही त्यामुळे लंगडा पडला, कारण प्रत्येक रोख्यात मुद्दल नवेच. सावकारीवरच्या कायद्यांचा पुढचा सगळा इतिहास असाच आहे. कायदा एक फट बुजवतो आणि कागद दुसरी शोधतो.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. त्याचे पाणी भरायचे नाही, हजामत करायची नाही, शेत कसायचे नाही. पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची दुकाने आणि घरे फोडली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. या दंग्यांत माणसांवर हात फार कमी उचलला गेला. लोकांना हवे होते रोखे, खतावण्या आणि हुकूमनामे. ते हाती आले की चव्हाट्यावर होळी व्हायची आणि दंगा तिथेच विझायचा. सावकार एकवेळ चालेल, त्याच्याजवळचा कागद नको, इतके लोकांना नेमके कळले होते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू होता. त्यातही परवाना नाही. पण परवान्याहून मोलाची एक गोष्ट त्याने न्यायाधीशाच्या हाती दिली. रोख्यावरचा आकडा प्रमाण न मानता पहिल्या देण्यापासून हिशेब उलगडायचा. मूळ रक्कम किती, पोचली किती, व्याजाचे मुद्दल कितीदा केले, हे सगळे काढायचे. त्यावर सावकार गहाण सोडून सरळ खरेदीखतेच लिहून घेऊ लागले. तेव्हा या कायद्यात दहा-अ हे कलम आले. पुराव्याचा सर्वसाधारण कायदा सांगे की लेखी दस्ताविरुद्ध तोंडी बोलणे ऐकायचे नाही. दहा-अ म्हणे, शेतकऱ्याचे ऐका. कागदावर खरेदी असली तरी व्यवहार गहाणाचा होता, हे त्याला तोंडी पुराव्याने सांगू द्या. माझ्या मते सावकारी नियमनाचा खरा जन्म इथे झाला. परवाना हे त्याचे पुढचे भावंड.

जयसिंगपूर तेव्हा नव्हतेच. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे धावू लागली आणि इथे ‘शिरोळ रोड’ नावाचे स्टेशन झाले. पुढे राजर्षी शाहू महाराजांनी स्टेशनालगत व्यापारपेठ वसवली आणि तिला वडिलांचे, कागलच्या जयसिंगराव घाटग्यांचे नाव दिले. सरळ रस्ते, काटकोनातले चौक, गल्ल्यांना नावांऐवजी नंबर. गाव मुळात पेठ म्हणूनच जन्माला आले. पेठ म्हटली की अडत आली आणि अडतीबरोबर उचल. शेतकऱ्याने हंगामाआधी अडत्याकडून पैसे घ्यायचे आणि माल त्याच्याच दुकानात घालायचा. त्यावरचे व्याज कधी लिहिले जाई, कधी भावातच कापले जाई.

कोल्हापूर संस्थानाने सावकाराला पर्याय म्हणून सहकाराची वाट धरली. १९१३ मध्ये कोल्हापुरात अर्बन सोसायटी उभी राहिली. भिंतीवरच्या त्या कागदावर सहकार खात्याचा शिक्का का, याचे उत्तर या वाटेवर सापडते. सावकाराला हटवायला सहकार आला आणि सहकाराचा निबंधकच सावकाराचा दरवान झाला. शिरोळ तालुक्यापुरते हे काम सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडे आहे, जिल्ह्यात उपनिबंधकाकडे. पतसंस्था, सोसायट्या, त्यांच्या निवडणुका, लेखापरीक्षणे हे सगळे सांभाळून उरलेल्या वेळात सावकारी. उरलेला वेळ किती, ते सहकार खात्यात हेलपाटे घातलेल्यांना विचारावे.

ब्रिटिश मुलखात मात्र १९२९ मध्ये एक फट पुन्हा मोठी झाली. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात दुरुस्ती होऊन ठरले, की सशर्त विक्रीला गहाण म्हणायचे तर परत देण्याची अट त्याच दस्तात हवी. वेगळ्या चिठोऱ्यावर असेल तर ते गहाण नव्हे, विक्री. वकिली दृष्टीने नियम स्वच्छ आहे. पण अडलेल्या माणसाला ‘खरेदीखत आत्ता कर, परतीचे आपण तोंडी बघू’ म्हणणे त्याने सोपे झाले. शिरोळ-हातकणंगल्याच्या पट्ट्यात आजही ‘मुदत खरेदी’, ‘संचकारपत्र’, ‘वटमुखत्यार’ हे शब्द लोकांच्या तोंडी आहेत. त्यांतल्या बऱ्याच कागदांवर कर्ज हा शब्द कुठेच नसतो आणि आत कर्जच असते.

परवाना आला तो स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. मुंबई सावकार अधिनियमाच्या नावात साल १९४६ चे, क्रमांक मात्र १९४७ चा एकतिसावा. परवान्याविना सावकारी करणाऱ्याचा वसुलीचा दावा कोर्टाने चालवायचा नाही, सावकाराने रोजकीर्द आणि खतावणी ठेवायची, कुळाला पावती द्यायची, दर सरकार ठरवेल त्यावर जायचा नाही. ब्रिटिश मुलखातला कायदा संस्थानात आपोआप लागू होत नसे. कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि मग जयसिंगपूरची पेठ या चौकटीत आली.

पुढची साठ वर्षे कागदावर सगळे ठीक होते. परवाने निघत, नूतनीकरण होई आणि खरी सावकारी परवान्याच्या बाहेर चाले. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांनी हे उघडे पाडले. डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बुलढाणा जिल्ह्यातल्या एका प्रकरणात महाराष्ट्र शासनाला दहा लाख रुपयांचा दंड ठोठावला. आमदाराच्या सावकार कुटुंबाविरुद्ध आलेली शेतकऱ्याची तक्रार थोपवण्यासाठी मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातून पोलिसांना फोन गेला होता. नियामकाच्या खुर्चीत बसलेले सरकारच कोर्टाच्या पिंजऱ्यात उभे राहिले.

जानेवारी २०१४ मध्ये नवा कायदा लागू झाला. दरांचे आकडे पाठ करून ठेवण्याजोगे आहेत. त्याच वर्षीच्या अधिसूचनेनुसार शेतकऱ्याला तारण कर्ज सालीना नऊ टक्के, विनातारण बारा. बिगरशेती कर्जाला तारण असेल तर पंधरा, नसेल तर अठरा. कौटिल्याचे पंधरा इथे पुन्हा भेटतात. व्याज सरळ लावायचे, चक्रवाढ नाही, आणि मुदलाहून अधिक व्याज घ्यायचे नाही. जुनी दामदुपट कायद्याच्या पुस्तकात ठाण मांडून बसली. आता बाजारातला ‘शेकडा पाच’ यावर घासून बघा. लाख रुपयांवर महिन्याला पाच हजार, वर्षाला साठ हजार. कायद्याने शेतकऱ्याच्या तारण कर्जावर वर्षाला नऊ हजार. परवान्याविना धंदा केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पण या कायद्याचे काळीज आहे कलम १८. सावकारीपोटी गेलेली जमीन किंवा घर परत मिळावे म्हणून मागच्या पंधरा वर्षांतल्या व्यवहाराबाबत जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. निबंधक खरेदीखताच्या आत डोकावतो. शासकीय मूल्यांकनाच्या मानाने किंमत किती पडली, खरेदीनंतर जमीन कसत कोण होते, दरमहा पैसे कोणाकडून कोणाकडे जात होते, याच माणसाने आजूबाजूच्या आणखी किती जमिनी अशाच घेतल्या, हे तपासतो. सावकारी दिसली तर नोंदणीकृत दस्तही अवैध ठरवून मालमत्ता परत देण्याचा आदेश काढता येतो. १८७९ च्या कायद्याचा जुना दहा-अ या रूपाने परत आला. प्रत्येक खरेदी काही सावकारी नसते, आणि चांगला भाव आल्यावर जुनी विक्री मोडू पाहणारेही असतात. म्हणून अर्जदाराने कागद आणि साक्षी जपल्या पाहिजेत.

आता या कुळातला सगळ्यात धाकटा वंशज. तो सावकार नाही आणि बँकही नाही. चहाच्या टपरीपासून फ्लॅटच्या साइटपर्यंत कुठेही भेटतो, त्याच्या कार्डावर चार-पाच बँकांची आणि फायनान्स कंपन्यांची नावे असतात, ‘सिबिल कमी असले तरी काम करून देतो’ हे त्याचे पेटंट वाक्य. गावात त्याला लोन एजंट म्हणतात, बँकांच्या भाषेत डीएसए, म्हणजे डायरेक्ट सेलिंग एजंट. मेहनताना त्याला बँक देते, कर्जाच्या रकमेच्या टक्केवारीवर. कर्ज जितके मोठे तितका तो सुखी. काही जण ‘फाइल चार्ज’ म्हणून गिऱ्हाइकाकडूनही वेगळे उकळतात.

त्याला राज्याचा परवाना लागत नाही. सावकारी हा राज्यसूचीतला विषय आहे, तिथली तिसावी नोंद. बँकिंग संघसूचीत, पंचेचाळिसावी. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ आणि गुजरातच्या प्रकरणांत स्पष्ट केले, की रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत. शिरोळच्या सहायक निबंधकाचा हात तिथेच संपतो. रिझर्व्ह बँकेचे म्हणणे असे, की एजंटाच्या वागण्याची जबाबदारी बँकेची. म्हणजे एजंटावर नजर बँकेने ठेवायची, त्याच्या फायलींवर जिचा धंदा चालतो तिने.

कर्ज जुळवणाऱ्यावरही नजर हवी, हा धडा परदेशात महागात शिकावा लागला. अमेरिकेत सबप्राइमच्या काळात न झेपणारी गृहकर्जे दलालांनी खपवली. २००८ च्या कायद्याने प्रत्येक राज्यात गृहकर्ज जुळवणाऱ्या माणसाला परवाना आणि देशभर एकच ओळख क्रमांक सक्तीचा झाला. ब्रिटनने तर ३१ ऑक्टोबर २००४ पासूनच गृहकर्ज सल्लागारांना नियामकाच्या कक्षेत आणले होते.

आपल्याकडचा विरोधाभास बघा. मार्केट यार्डातल्या अडत्याला बाजार समितीचा परवाना लागतो. खताच्या दुकानाला लागतो. विमा एजंटाला परीक्षा द्यावी लागते. नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटाला २०१७ पासून महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाची, नोंदणी लागते, आणि २०२३ पासून त्यासाठी परीक्षाही द्यावी लागते. त्याच फ्लॅटवर वीस वर्षांचे कर्ज गळ्यात घालणाऱ्याला मात्र काहीच नको. राज्याला बँकेवर हात टाकता येत नाही हे खरे, पण या मधल्या माणसाची साधी नोंदवही ठेवायला काय हरकत आहे, हे मला कळत नाही.

तोवर दोन कागद मागत चला. एजंटाकडे बँकेने दिलेले अधिकारपत्र. आणि सहीआधी बँकेकडून ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, ज्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर एका आकड्यात लिहिलेला असतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून व्यक्तिगत मुदत कर्जांना ते बंधनकारक आहे, आणि कर्जदाराला समजेल त्या भाषेत द्यायचे आहे. मराठीत मागा.