मोक्षपटाची मोहिनी

१९८६ सालीं जपानांत निघालेला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ माझा नातू मोबाइलवर खेळतो. त्यांत एवढी जादू कसली, असें विचारतां तो म्हणाला, “आजोबा, तो वीर मीच असतों!”

मला लिंबागणेशचा आमचा ओटा आठवला. परंपरा ज्याचें कर्तृत्व ज्ञानदेवांना देते, तो मोक्षपट आजी तेथें मांडी. कवड्या पडत, सद्गुणांच्या शिड्या वर नेत, दुर्गुणांचे साप खालीं ओढीत. १९ व्या शतकाच्या अखेरीस अशाच भारतीय पटांवरून इंग्लंडांत सापशिडी निघाली. पुढें घरांचीं नांवें गळालीं, उरले आंकडे. वैकुंठाच्या दारांतून घसरल्यावर मी रडत असें. कारण घसरलेली सोंगटी नव्हे, मीच होतों.

आजीचा पट केव्हांच फाटला. आठवतात तीं नांवें आतां नातवासाठीं लिहून काढीत आहें.