धर्मादाय : दाता कोण ?

१८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आला, आणि पैनगंगेपलीकडे निजामाचा अंमल राहिला. या सीमेवरील यवतमाळ जिल्ह्याचें वैभव कापसाचें. सरकी काढणारे व रुईच्या गाठी बांधणारे कारखाने हा येथील प्रमुख उद्योग.

कापसाच्या व्यापारांत ‘धर्मादाय’ म्हणून कांहीं रक्कम कापण्याची रूढि जुनी. गोरक्षण, पाणपोई, धर्मशाळा यांस ती उपयोगी पडे. परंतु पैसा बहुधा शेतकऱ्याच्या किंमतींतून जाई, आणि पुण्य पेढीच्या नांवें जमा होई ! १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्यानें अशी रक्कम घेणारास तिचा मालक न मानतां विश्वस्त ठरविलें. २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के लोककार्यार्थ खर्चण्याचें बंधन घातलें. लहान कारखाने त्याबाहेरच राहिले.

दानाची मोजदाद करतांना म्हणूनच रकमेआधीं दात्याचा शोध घ्यावा लागतो.