पटावरची पोरं आणि चौथीचा दरवाजा

जिल्हा परिषदेच्या नाहीतर महापालिकेच्या शाळेचा निकाल पडला की एक वाक्य ठरलेलं असतं. 'तिथं पोरंच तसली येतात.' तसली म्हणजे कसली, हे कोणी बोलत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं. पटावर कोणाची पोरं आहेत हे सांगितलं की निकालाचं कारण सांगून झालं, असा हा हिशेब आहे. मी या हिशेबाचा माग काढत मुंबई इलाख्याच्या जुन्या कागदांपर्यंत गेलो. तिथं तो चक्क उलटा लिहिलेला सापडला.

१८२३-२४च्या सुमारास गव्हर्नर एल्फिन्स्टनने शिक्षणावर टिपण लिहिलं. त्यात तो सांगतो की मिशनऱ्यांना सगळ्यात खालच्या जातींची मुलंच उत्तम विद्यार्थी वाटतात. आता पुढं काय यावं? या मुलांना आधी शाळा द्या, असंच ना? तसं नाही. पुढं येते ती सावधगिरीची सूचना. शिक्षणाने आधी या लोकांत मूळ धरलं तर वरच्या जाती त्याकडं पाठ फिरवतील, म्हणून यांना खास उत्तेजन देताना जपून. नीट ध्यानात घ्या. पोरं हुशार आहेत हे सरकारदप्तरी नोंदलेलं होतं. दार लावलं ते हे माहीत असून लावलं.

१८५६च्या जूनमध्ये धारवाडच्या एका महार मुलानं सरकारी शाळेत प्रवेश मागितला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. सरकारनं कबूल केलं की न्याय मुलाच्या बाजूचा आहे. पण एकासाठी बाकीच्यांनी शाळा सोडली तर शाळाच निकामी होईल, म्हणून नकार दिला. १८५८मध्ये विलायतेहून कंपनीच्या संचालकांनी कळवलं की सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत. कागदावर दार उघडलं. गावात ते बंदच राहिलं.

आणि जिथं ते खरोखर उघडलं तिथं काय झालं? जोतिबा-सावित्रीबाईंनी पुण्यात महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. त्यांच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे ही मांगाची पोर. तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. ज्या जातीला अक्षर ऐकायचीही बंदी, त्या जातीची कोवळी पोर पेशवाईचा जाब विचारते आणि आमचा धर्म कोणता म्हणून सवाल टाकते. गुणवत्ता, गुणवत्ता म्हणतात ती आणखी काय असते?

आता १८८१-८२चे आकडे बघा. हंटर कमिशनच्या वेळचे हे आकडे बाबासाहेबांनी १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनं सायमन कमिशनपुढं मांडले. मुंबई इलाख्याच्या प्राथमिक शाळांत ब्राह्मण विद्यार्थी ६३,०७१. खालच्या जातींचे २,८६२, म्हणजे शेकडा एकसुद्धा नाही. माध्यमिकच्या खालच्या वर्गांत आपले फक्त १७. हायस्कुलात शून्य. या शून्याकडं बोट दाखवून डोकं नसल्याचा निवाडा देणाऱ्यानं धारवाडचा कागद वाचावा. हा आकडा डोक्याचा नाही, दाराचा आहे.

दारातून आत गेलं म्हणजे सुटलं असंही नव्हतं. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत बसायला घरून गोणपाट नेत. शिपाई नसला तर तहान लागली तरी पाणी नाही, कारण नळाला हात लावायचा नाही. अशा वर्गातल्या दोन मुलांना एकाच परीक्षेला बसवायचं आणि निकालाची तुलना करायची, याला न्याय म्हणतात!

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात. उरलेली ८२ परत निरक्षर होतात. हा आकडा सगळ्या जातींचा मिळून. मग आपल्या वाड्यातल्यांचं काय झालं असेल, ते वेगळं सांगायला नको. माझा आजा त्या ब्याऐंशींतलाच. दुसरीतून निघाला आणि गावाची ढोरं राखायला गेला. म्हातारपणी पोस्टमननं आणलेल्या मनिऑर्डरीवर अंगठा करायचा. पाढे मात्र पंधरापर्यंत तोंडपाठ होते.

पट बदलायचा ठरवला तर बदलतो, हे कोल्हापुरानं दाखवलं. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून सगळ्यांना एका शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. म्हणजे वेगळं बसवणं ही परंपरा नव्हती, तो निर्णय होता. निर्णय फिरवता येतो.

आज गोणपाट गेलं, पण जात वर्गात बसलेलीच आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतल्या मुलांना कागदावरची कोडी सोडवायला दिली. २००४ साली त्याचा अहवाल आला. जात पुकारली नाही तेव्हा वरच्या-खालच्या जातींच्या मुलांत म्हणावा असा फरक नव्हता. सगळ्यांसमोर जात पुकारली आणि खालच्या जातीची मुलं मागं पडली. मुलं तीच, कोडी तशीच. बदललं ते एवढंच की मास्तरच्या जागी उभ्या माणसानं नाव आणि जात मोठ्यानं वाचली.

दाराची राखणही थांबलेली नाही. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानं खाजगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांना दिल्या. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारनं, सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर विनाअनुदानित खाजगी शाळांना यातून सूट दिली. जुलै २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती सूट रद्द केली. कोर्टात कोणी गेलं म्हणून ती रद्द झाली, हे विसरू नका.

म्हणून दोस्तहो, जयंतीच्या वर्गणीइतकाच वेळ आपल्या वस्तीच्या शाळेला द्या. त्याच कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, आणि त्यांत वंचित घरांतल्या पालकांना पटाच्या प्रमाणात जागा आहे. आपल्या आयाबायांना तिथं बसवा. त्यांनी हेडमास्तरला तीन गोष्टी विचाराव्यात. पहिलीत किती पोरं आली? त्यातली किती पुढं वाचत-लिहीत गेली? उरलेली कुठं गेली? निकालाची चर्चा या तीन उत्तरांनंतर करू. त्याआधी 'पोरंच तसली' म्हणणाऱ्याला एल्फिन्स्टनचं टिपण वाचून दाखवा.