कारधाच्या पुलावरून काळ्या समुद्राकडे

कारधाच्या पुलावर वैनगंगा बघत तुम्ही पाऊल उचलता आणि ते पडतं मॉस्कोत, १९६२ साली. पटाच्या एका बाजूला विश्वविजेती एलिझावेता बिकोवा, दुसऱ्या बाजूला जॉर्जियाची एकवीस वर्षांची नोना गाप्रिंदाश्विली. अकरा डाव होतात. नोना सात जिंकते, चार बरोबरीत सोडवते, हरत एकही नाही. तिच्या मागोमाग जॉर्जियात जा. तिच्यामुळे तिथल्या मुलींना बुद्धिबळाचं वेड लागतंय. कुटाईसी गावात दीडेक वर्षाची माया नुकती चालायला लागलीय.

आता काळ्या समुद्राकाठी पित्सुंदाला या, १९७८ मध्ये. ग्रँडमास्टर किताब मिळवणारी जगातली पहिली स्त्री म्हणून नोनाचा याच वर्षी मान झालाय. समोर बसलीय तीच माया चिबुरदानिद्झे, वय सतरा. नोनाच्या खुर्चीमागे उभे राहा. पंधरा डावांनंतर मायाचे साडेआठ गुण, नोनाचे साडेसहा. सोळा वर्षांचं राज्य गेलं, तेही नोनाला बघत वाढलेल्या पिढीतल्या मुलीकडे! मला हा पराभव नोनाच्या सगळ्या विजयांहून मोठा वाटतो.

१९९१ साली मनिलात शिए जून याच गुणफरकानं मायाला हरवते आणि मुकुट चीनला जातो.

जुलै २०२५. पुन्हा जॉर्जिया, पुन्हा तोच समुद्र, गाव बाटुमी. महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत दोघीही भारतीय. कोनेरू हम्पी २००२ मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्या देशमुखचा जन्मही झाला नव्हता. दिव्या नागपूरची, आपल्या भंडाऱ्यापासून साठेक किलोमीटरवरची. मुख्य दोन्ही डाव बरोबरीत, पहिला जलद डावही बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळे मोहरे. श्वास रोखून बघा. वेळेच्या ताणात हम्पी चुकते आणि डाव सोडते. दिव्या आईला बिलगून रडते. ग्रँडमास्टर किताबासाठी एरवी लागणारा एकही नॉर्म हाती नसताना ही एकोणीस वर्षांची मुलगी विश्वचषक जिंकून थेट भारताची ८८वी ग्रँडमास्टर झालीय. हम्पीनं पाडलेल्या वाटेवरूनच ती इथवर आली.

विश्वविजेतेपद मात्र त्या दिवशीही चीनच्या जू वेनजुनकडेच होतं, २०१८पासून. ते घ्यायला पुढे कोण बसेल, हे आज शाळेत कुणाला पट मिळतो यावर ठरतं. म्हणून परत आलात की तुमसर, साकोली, पवनी, जिथे राहत असाल तिथल्या शाळेला दोन पट आणि एक घड्याळ द्या, आणि मुलींना आधी खेळायला बसवा.