प्राध्यापक, कंपनी आणि वडशाचे नाटक

नाटक कंपनी आणि विद्यापीठ हे दोन शब्द एका दमात उच्चारले, की आपल्याकडे माणसे जरा चमकतात. कंपनी म्हणजे पडदे, ट्रंका, पेटी-तबला आणि रात्रीची जागरणे. विद्यापीठ म्हणजे परीक्षा आणि गुणपत्रिका. या दोघांचा संसार कसा जमायचा?

काही ठिकाणी तो जमलेला आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठात रॉबर्ट ब्रुस्टीन यांनी 1966 साली पगारी नटांची मंडळी उभी केली. नाट्यशास्त्राचे विद्यार्थी वर्गात शिकतात आणि त्याच आवारात मुरलेल्या नटांच्या शेजारी उभे राहून काम करतात. पुढे ब्रुस्टीन हार्वर्डला गेले, तिथेही त्यांनी अशीच मंडळी काढली. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने 1964 साली स्वतःचे रंगमंडळ सुरू केले. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र 1987 साली निघाले आणि तिथे नाटकाचे रीतसर शिक्षण मिळू लागले. पण नाटक शिकवणे वेगळे आणि नाटकावर चूल पेटवणे वेगळे.

तरीसुद्धा, मंडळी, प्राध्यापक आणि कंपनी यांची गाठ मराठी मुलखात फार पूर्वीच पडली होती. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात वासुदेव बाळकृष्ण केळकर हे इंग्रजीचे प्राध्यापक होते, टिळक-आगरकरांचे सहकारी. शेक्सपिअर हा त्यांचा जीव की प्राण. त्याच्या एका विनोदी नाटकाचे त्यांनी ‘त्राटिका’ केले. इतर कोणी असता तर पुस्तक छापून स्वस्थ बसला असता. केळकर तसे बसले नाहीत. शाहूनगरवासी नाटक मंडळी ही तिकिटाच्या पैशावर जगणारी धंदेवाईक कंपनी. तिच्यातले गणपतराव जोशी आणि स्त्रीभूमिका करणारे बाळाभाऊ जोग यांना त्यांनी हाताशी धरले. वाक्य कुठे तोडायचे, राग कसा चढवायचा, गप्प राहून काय सांगायचे, हे तालमीत दाखवले. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे रूपांतर ‘विकारविलसित’ या नावाने 1883 साली प्रसिद्ध केले होते. त्यातली गणपतरावांची भूमिका एवढी गाजली, की नटाचे नाव निघाले की हॅम्लेट आठवावा. कॉलेजातली विद्या अशी कंपनीच्या तंबूत गेली, आणि तंबूने ती गावोगाव पोचवली. माझ्या मते त्या काळातल्या शंभर व्याख्यानांपेक्षा या तालमींचे मोल जास्त आहे.

आता पुण्याहून आपल्या मुलखाकडे येऊ या. मोहर्लीहून पूर्वेकडे ताडोबाचे जंगल ओलांडले, की सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी ही धानाची गावे लागतात. वैनगंगा ओलांडली की वडसा, म्हणजेच देसाईगंज. वडसा गडचिरोली जिल्ह्यात आहे. 1982 पर्यंत हा सारा भाग एकाच चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. गोंदियाहून चांद्याकडे येणारा रेल्वेमार्ग इथूनच जातो. हे वडसा म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकाचा बाजार. बाजार हा शब्द मी मुद्दामच वापरतो, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. दिवाळी आली, की गावोगावची पोरे इथे येऊन कंपन्यांशी बोलणी करतात. कोणते नाटक, कोणती तारीख, किती रक्कम, हे ठरते. गावचे मंडळ ठरलेली रक्कम कंपनीला देते, तिकिटे लावते आणि उरले तर ते गावाच्या कामाला. नटनटींना मोबदला प्रयोगागणिक. सरकारी अनुदानाची वाट कोणी पाहत नाही.

हे एकदम उगवलेले नाही. याच्या मुळाशी दंडार आहे, खडी गंमत आहे. धान कापून झाले, हातात थोडा पैसा आला, म्हणजे मंडई भरायची आणि शंकरपट व्हायचा. दिवसा बैलांच्या जोड्या धावायच्या. पटाला पाहुणे आलेले असायचे. मग त्यांच्यासाठी रात्री नाटक. आधी गावातलेच शेतकरी, शिक्षक, दुकानदार तोंडाला रंग लावत, आणि एखादी गाणारी नटी तेवढी बाहेरून आणत. हळूहळू कामे वाटली गेली आणि बाहेरून येणारे कलावंत पक्के झाले. त्यातून कंपन्या उभ्या राहिल्या. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा नाटकही बसणार असे वाटले होते. पट थांबला, नाटक थांबले नाही. पाहुणे आता नाटकासाठीच येऊ लागले होते.

मांडव रिकाम्या शेतात. जमीन खणून बसायला उतार करायचा आणि त्याच मातीचा रंगमंच बांधायचा. मागच्या माणसालाही दिसावे, यासाठी याहून स्वस्त युक्ती कोणत्या वास्तुशास्त्रज्ञाने काढली असेल तर सांगावे! नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होते ते पहाटेपर्यंत. त्यात रडणे आहे, विनोद आहे, गाणी आहेत, लावणीही आहे. शहरातले जाणकार त्याला भडक म्हणतात. म्हणोत बापडे. थंडीत घोंगडी पांघरून सहा तास माणूस बसतो, त्याला जागे ठेवणे ही परीक्षा काही सोपी नाही.

कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे याच मातीच्या मंचावर वाढले. त्यांचे पाच हजारांवर प्रयोग झाले, आणि 2023 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा कुठे दूरच्या लोकांनी झाडीपट्टी हे नाव विचारले.

पण या रंगभूमीची एक बाजू फार कच्ची आहे. 2020 साली साथ आली आणि प्रयोग बंद पडले. रात्रीच्या पैशावर दिवस काढणाऱ्यांना पगार नव्हता, रजा नव्हती. आणखी एक गोष्ट. नाटके लिहिली जातात, गाजतात अन् विसरली जातात. पुष्कळशी वहीतच राहतात. वही वाळवीने खाल्ली, की नाटक गेले. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोली आणि दंडार यांच्या मागे आयुष्य घातले, म्हणून थोडेफार तरी हाती लागले. एकट्या-दुकट्याचे हे काम नव्हे.

गोंडवाना विद्यापीठ 2011 साली गडचिरोलीत स्थापन झाले. त्याआधी आपली कॉलेजे नागपूरला जोडलेली होती. आता विद्यापीठ वडशाच्याच जिल्ह्यात आहे. विद्यापीठाने कंपनी काढावी, असे मी म्हणत नाही. कंपन्या आहेतच, अन् आपल्या पायावर उभ्या आहेत. विद्यापीठाने वह्या गोळा कराव्यात, आवाज मुद्रित करावेत, आणि केळकरांसारखा एखादा प्राध्यापक तालमीला जाऊन बसावा. शिकवायला नव्हे, आधी ऐकायला.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. आपल्या गावात नाटक लागते, त्याची जाहिरात दुसऱ्या दिवशी दुकानात पुड्या बांधायला जाते. तिच्यावर नाटकाचे नाव असते, लेखक आणि नटनटी असतात, गाव, तारीख आणि तिकिटाचा दर असतो. एक प्रत शाळेच्या कपाटात ठेवावी. वर्ष छापलेले नसेल तर मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहावे. नाटकाची वही ज्याच्या घरी असेल, त्याच्याकडून ती मागून आणून वरच्या वर्गातल्या मुलांकडून उतरवून घ्यावी, आणि मूळ वही परत करावी. भाऊबीज झाली, की मंडया पुन्हा भरू लागतीलच.