चाळीस वर्षं रिकामी राहिलेली दरी

मार्च महिना होता. कामानिमित्त मेलबर्नमध्ये होतो आणि शनिवार मोकळा होता. मावसबहीण म्हणाली, "चल, यारा व्हॅली दाखवते. गाडी मी चालवणार, तू चव घे." शहरापासून तासाभराचं अंतर. काउंटरवरच्या बाईंनी पिनो न्वार ओतली. रंग इतका फिका की पेल्यातून खालच्या कागदावरची अक्षरं वाचता येत होती.

"ताई, यात पाणी घातलंय का गं?"

"गप. आधी वास घे."

घेतला. चेरी, मग ओला पालापाचोळा. घोट घेतल्यावर जिभेच्या कडेला बराच वेळ रेंगाळणारा आंबटपणा, आमसुलाची आठवण करून देणारा. पहिल्या घोटाला नाक मुरडलं, तिसऱ्याला पेला खाली ठेववेना. समोरच्या माहितीपत्रकावर लिहिलं होतं: दरीतली पहिली द्राक्षवेल, १८३८. मला वाटलं, म्हणजे पावणेदोनशे वर्षं इथे हेच चाललंय.

तसं नाहीये. मधली चाळीसेक वर्षं इथे वाइन बनतच नव्हती. कीड नाही, युद्ध नाही. ही चव लोकांना नकोशी झाली होती.

आधी ती चव येते कुठून ते पाहू. ऑस्ट्रेलिया म्हटलं की आपल्याला तापलेली लाल माती आठवते. यारा दरी मात्र दक्षिणेला, डोंगरांच्या कुशीत आहे. उन्हाळा सौम्य, रात्री गार. द्राक्षं सावकाश पिकतात. साखर हळूहळू चढते, आंबटपणा टिकतो, सुगंध तयार व्हायला वेळ मिळतो. उष्ण भागात हेच भराभर होतं आणि वाइन गडद, गोडसर, जड होते. पिनो न्वारची साल मुळातच पातळ, म्हणून रंग फिका. मला जे पाणी वाटलं ते हवामान होतं.

१८३८ च्या त्या वेली रायरी बंधूंनी लावल्या. न्यू साउथ वेल्सहून गुरं घेऊन ते येरिंग इथे आले होते. पण वाइनला खरी गती दिली स्विस लोकांनी. तेव्हाचे इथले प्रशासक चार्ल्स ला ट्रोब यांची पत्नी सोफी स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलची. त्या ओळखीच्या धाग्याने स्विस तरुण इथवर आले. पॉल द कास्तेला यांनी १८५० मध्ये येरिंग घेतलं, भाऊ ह्यूबर्ट यांनी सेंट ह्यूबर्ट्स उभं केलं, गीयोम द प्युरी यांनी येरिंगबर्ग. १८८१ मध्ये मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात जर्मन सम्राटाने ठेवलेलं बक्षीस सेंट ह्यूबर्ट्सला मिळालं. १८८९ मध्ये, आयफेल टॉवर नवाकोरा असताना, पॅरिसच्या प्रदर्शनात येरिंगच्या वाइनने ग्रां प्री पटकावलं.

जमीन मात्र रिकामी नव्हती. ती वुरुंजेरी लोकांची. उरलेल्या कुटुंबांसाठी १८६३ मध्ये हील्सव्हिलजवळ कोरँडर्क ही वसाहत झाली. त्यांनी ती कसली, हॉप्सची शेती केली. सरकारला वसाहत बंद करायची होती, तेव्हा त्यांचे नेते विल्यम बराक सहकाऱ्यांसह चालत मेलबर्नला गेले, अर्ज दिले, १८८१ मध्ये चौकशी करायला लावली. पण १८८६ च्या कायद्याने मिश्र वंशाच्या तरुणांना बाहेर काढलं आणि शेतावरचे हातच गेले.

हेच बराक चित्रकार होते. १८९८ च्या सुमारास त्यांनी सॅम्युएल द प्युरी यांच्या द्राक्षमळ्याचं चित्र काढलं. ते आज न्यूशातेलच्या संग्रहालयात आहे. वेली लावणारे जिथून आले, तिथेच त्या मळ्याचं चित्र पोचलं, आणि ते काढणारा ज्यांची जमीन गेली त्यांच्यातला.

चित्र निघालं तेव्हा मळ्यांना उतरती कळा लागली होती. १८९० च्या दशकात मेलबर्नमध्ये बँका कोसळल्या. १९०१ मध्ये वसाहतींचा एक देश झाला, आपापसातले कर उठले आणि उष्ण साउथ ऑस्ट्रेलियाची स्वस्त वाइन आत आली. लोकांची जीभही बदलली. त्यांना ब्रँडी घालून कडक केलेली, गोड पोर्ट आणि शेरी हवी होती. गार दरीत ती परवडेना. वेली उपटून तिथे दुभती जनावरं आली. १९२१ मध्ये येरिंगबर्गचा शेवटचा हंगाम झाला. १९२४ मध्ये कोरँडर्कही बंद झालं.

आमच्या धंद्यात वापर थांबला की आपण समजतो, वस्तूतच काहीतरी खोट होती. इथे माती तीच होती, गारवा तोच होता. बदलला होता तो विचारणारा.

साठच्या दशकात तो परत आला. युरोपातून आलेल्या स्थलांतरितांनी जेवणासोबत वाइनची सवय आणली आणि हलकी, कोरडी वाइन पुन्हा मागितली जाऊ लागली. १९६९ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ बेली कॅरोडस यांनी यारा येरिंग सुरू केलं. त्याच वर्षी गीयोम यांच्या नातवाने येरिंगबर्गमध्ये पुन्हा वेली लावल्या. १९८६ मध्ये तर फ्रान्सची मोएत अँड शाँदों कंपनी फसफसणारी वाइन बनवायला इथे आली.

गंमत म्हणजे मुळं कुरतडणारी फिलॉक्सेरा ही कीड १८७७ मध्ये जवळच्या जिलाँगमध्ये सापडली होती. सरकारने तिथले मळे उखडून टाकले. यारा तेव्हा वाचली. २००६ मध्ये ती इथेही पोचली. आता अमेरिकन खुंटावर कलम करून नव्या बागा लावाव्या लागतात. नाशिक-सांगलीचे बागायतदार डॉगरिजच्या खुंटावर करतात तसंच. आपल्याकडे कारण दुष्काळ आणि खारं पाणी, तिथे कीड.

वाइन परत आली. कोरँडर्कच्या जमिनीचा एक लहानसा तुकडा वुरुंजेरींना परत मिळायला मात्र विसावं शतक संपत आलं.

निघताना बाईंनी विचारलं, "काय चव लागली?" मी म्हणालो, "चेरी." एवढंच तेव्हा ठाऊक होतं. माहितीपत्रकावर १८३८ च्या शेजारी १९२१ आणि १९६९ हे आकडेही असते, तर मी आधीच जरा सावकाश प्यायलो असतो.